चेंडू अजून कुणाच्या हातात आहे?

वाचन पाठ : खेळ आणि नियम

वाचण्याआधी

तुम्ही कबड्डी नक्की पाहिली असेल. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबी असते. कुणाला स्पर्श होण्याआधीच चढाई करणाऱ्याचा पाय लॉबीत पडला, तर तो बाद. पण एकदा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, की तीच लॉबी मैदानाचा भाग होते. पाय तोच, पट्टा तोच; वेळ बदलली आणि निकालही बदलला! बास्केटबॉलमध्येही असंच एक ठिकाण आहे. ते म्हणजे थ्रो-इन.

शब्द समजून घ्या

थ्रो-इन : रेषेबाहेर उभं राहून चेंडू मैदानात टाकणे.
बचावपटू : ज्या संघाकडे चेंडू नाही, त्या संघाचा खेळाडू.
फाऊल : नियम मोडून केलेला धक्का, पकड किंवा अडवणूक.
फ्री थ्रो : कुणीही न अडवता बास्केटमध्ये चेंडू टाकण्याची संधी. गेला तर १ गुण.

पाठ

२ सप्टेंबर २०२३. जपानमधलं ओकिनावा अरीना. विश्वचषकात जपानचा शेवटचा सामना केप व्हर्देशी होता. जिंकलं तर थेट पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट. जपानच्या पुरुष संघाने खेळून ऑलिंपिक गाठलं होतं ते १९७६ साली. टोकियोत तो खेळला तो यजमान म्हणून. तीन क्वार्टर झाले तेव्हा जपान बराच पुढे होता. मग चौथ्या क्वार्टरमध्ये केप व्हर्देने फरक झपाट्याने कमी केला. शेवटी जपानने ८०-७१ असा सामना जिंकला. पण असा फरक कमी होऊ लागला, की शेवटच्या दोन मिनिटांत पंचांची खरी परीक्षा असते. जपानी भाषेत पंचाला ‘शिम्पान’ म्हणतात.

आता समजा, ४० सेकंद उरलेत. लाल संघ ३ गुणांनी पुढे आहे आणि थ्रो-इन त्याचंच आहे. निळ्या संघाला काय हवंय? चेंडू, आणि तोही वेळ न घालवता. घड्याळ थांबलेलं असतं. थ्रो-इननंतर मैदानातल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला, तरच ते सुरू होतं. मग निळ्या संघातला एखादा विचार करतो, ‘चेंडू यायच्या आधीच समोरच्याला धरलं तर? तो फ्री थ्रो मारेल, मग चेंडू आपला. एक सेकंदही जाणार नाही!’

हीच पळवाट बंद करायला नियम आहे. चौथ्या क्वार्टरची किंवा जादा वेळेची शेवटची दोन मिनिटं आहेत. चेंडू अजून पंचाच्या किंवा थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात आहे. अशा वेळी बचावपटूने मैदानातल्या प्रतिस्पर्ध्यावर फाऊल केला, तर त्याला ‘थ्रो-इन फाऊल’ म्हणतात. शिक्षा : समोरच्या संघाला १ फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्याच संघाला परत. म्हणजे धरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. २०२२ च्या आधी अशा फाऊलला याहून कडक शिक्षा होती : २ फ्री थ्रो आणि चेंडू. २०२२ साली जागतिक संघटना फिबाने ती सौम्य केली. ओकिनावातले सामने याच नव्या नियमाने झाले.

आणि चेंडू हातातून सुटल्यावर धरलं तर? तो साधा फाऊल. त्या क्वार्टरमध्ये संघाचे ४ फाऊल आधीच झाले असतील, तर २ फ्री थ्रो; नसतील तर पुन्हा थ्रो-इन. मात्र धक्का फारच धसमुसळा असेल, तर केव्हाही मोठी शिक्षा होते.

बरं, अंगाला अंग लागलं की लगेच फाऊल, असं नाही बरं का. प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं आहे, असं समजा. पंच पाहतात, की कोण कुणाच्या नळकांड्यात घुसलं. ओझरता स्पर्श ते सोडून देतात. हाताने ओढणं, कमरेला धरणं, वाट अडवून ढकलणं हे सोडत नाहीत. चेंडूवाल्या संघाच्या खेळाडूने बचावपटूला ढकललं, तर फाऊल त्याचा.

मोठ्या सामन्यात तीन पंच असतात. एक जण चेंडू देतो आणि ५ सेकंद मोजतो. बाकीचे दोघे इतर खेळाडूंचे हात आणि कोपर पाहतात. शिट्टी वाजली, की दोन गोष्टी ठरवायच्या : स्पर्श कसा होता आणि त्या क्षणी चेंडू कुठे होता. एवढ्यावरच कधीकधी सामना फिरतो.

आता तुम्ही पंच व्हा!

चौथ्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटं आहेत. निर्णय द्या.

१. चेंडू थ्रो-इन करणाऱ्याच्या हातात आहे. बचावपटूने आत उभ्या प्रतिस्पर्ध्याची जर्सी ओढून त्याला थांबवलं.
२. चेंडू हवेत आहे. बचावपटूने तो घ्यायला धावणाऱ्याला ढकललं.
३. पंचांनी रेषेबद्दल खुणेने ताकीद दिली होती. तरी चेंडू अडवायला बचावपटूने रेषेपलीकडे हात घातला.

उत्तरं : १. थ्रो-इन फाऊल. २. साधा फाऊल. ३. टेक्निकल फाऊल, इथे कुणालाही स्पर्श झालेला नसला तरी.

बोला आणि लिहा : शिक्षा सौम्य केली ते योग्य झालं का? तुमचं मत पाच वाक्यांत लिहा. ‘कारण’ आणि ‘तरीही’ हे शब्द वापरा.