विचारपूस हेही औषधच : किशोरवयीनांच्या आत्महत्या आणि आपले कर्तव्य



रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रक्कम खर्ची पडली याचे तपशील असतात. जो मृत्यू टळला तो मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. एखादा मुलगा मरणाच्या विचारापर्यंत जाऊन कोणाच्या तरी आपुलकीच्या शब्दामुळे मागे फिरला, तर त्याची नोंद केसपेपरवर होत नाही, वर्तमानपत्रातही येत नाही. अशा नोंद न होणाऱ्या कार्याविषयी हा लेख आहे. ते कार्य केवळ डॉक्टरांचे नाही. घर, शाळा आणि शेजार यांनी मिळून करावयाचे ते कार्य आहे, आणि ते शिकता येते.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ७ लाख २७ हजार व्यक्तींनी आत्महत्या केली. १५ ते २९ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्येचा क्रमांक तिसरा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली. ही संख्या देशातील सर्व राज्यांत सर्वाधिक होती. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी होते आणि त्याही बाबतीत आपलेच राज्य पुढे होते. म्हणजे दररोज सरासरी जवळपास पाच विद्यार्थी.

निकालाच्या दिवसांत अशी बातमी आली की आपण सहज म्हणतो, "नापास झाला म्हणून केले." वस्तुस्थिती इतकी सरळ नसते. त्याच वर्षी देशातील सर्व वयांच्या आत्महत्यांमध्ये कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के व आजारपण १८.४ टक्के अशी कारणे नोंदली गेली. मुलांच्या बाबतीतही घरातील भांडणे, वडिलांचे व्यसन, कर्ज, मनाविरुद्ध ठरवलेले लग्न, उघडकीस आलेले प्रेमप्रकरण, चारचौघांत झालेला अपमान, न ओळखलेले नैराश्य अशा अनेक गोष्टी आधीपासून साचत असतात. गुणपत्रिका हे बहुधा शेवटचे निमित्त ठरते.

जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. करमाळा तालुक्याच्या या भागात उजनीच्या पाण्याने ऊस आला, केळी आली, आणि त्यांच्याबरोबर मुलांविषयीच्या अपेक्षाही वाढल्या. दहावी-बारावीनंतर मूल पुण्याला किंवा लातूरला शिकवणीसाठी जाते. त्याच्या शुल्कापायी घरचे कर्ज काढतात आणि ते ओझे मुलाला ठाऊक असते. गावी परतलेल्या अशा मुलाला पहिला प्रश्न "किती पडले?" असा येतो. "कसा आहेस?" हा प्रश्न बहुधा मागेच राहतो.

२०१० चा धडा

जानेवारी २०१० मध्ये मुंबईत व राज्याच्या अन्य भागांत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येऊ लागल्या आणि साऱ्या महाराष्ट्रात चिंतेचे वातावरण पसरले. अभ्यासक्रमाचा भार, पालकांच्या अपेक्षा, चित्रपटांचा परिणाम अशा अनेक अंगांनी चर्चा झाली. त्या चर्चेतून घेण्यासारखे दोन धडे आहेत.

पहिला धडा असा की, अशा घटनेचे रसभरित वर्णन, पद्धतीचा तपशील व ठळक छायाचित्रे यांचा आधीच खचलेल्या दुसऱ्या मुलावर विपरीत परिणाम होऊ शकतो. आज हे काम वर्तमानपत्रापेक्षा आपल्या हातातील मोबाइल अधिक वेगाने करतो. यास्तव अशी छायाचित्रे व चिठ्ठ्या पुढे पाठवू नयेत.

दुसरा धडा असा की, व्यवस्थेत वेळेवर केलेला बदल अनेकांना दिलासा देतो. पूर्वी दहावीला अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे आणि वर्ष हातचे जाई. २०१५ पासून राज्य मंडळाने निकालानंतर लवकरच फेरपरीक्षा घेण्यास आरंभ केला, त्यामुळे त्याच वर्षी अकरावीला प्रवेश मिळण्याची वाट मोकळी झाली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने 'वेध' या परिषदांतून निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे मुलांसमोर आणली आणि यशाच्या वाटा अनेक असतात हे दाखवून दिले. दोन्हींचा संदेश एकच आहे : एक दार बंद झाले तरी घर बंद होत नाही.

आपुलकीचे मोजमाप

"गोड बोलण्याने का कोठे मरण टळते?" अशी शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. या प्रश्नाचा शास्त्रीय पद्धतीने अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेरोम मोटो यांनी रुग्णालयातून घरी गेलेल्या, परंतु पुढील उपचार नाकारलेल्या ८४३ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षे, वर्षातून किमान चार वेळा छोटे पत्र पाठवले. त्यात उपदेश नव्हता, कसली मागणीही नव्हती. आपली आठवण आहे, आपण बरे असाल अशी आशा आहे, एवढाच मजकूर असे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील शहरांत आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. अर्ध्या व्यक्तींना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी सुमारे तासभर समजावून बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा दूरध्वनीवर अथवा घरी जाऊन विचारपूस करण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटात २.२ टक्के, तर दुसऱ्या गटात केवळ ०.२ टक्के व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने झाला. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. लागली ती एक वही, एक दूरध्वनी आणि तारीख न चुकवणारा माणूस.

तिसरा अभ्यास युरोपातील दहा देशांतील १६८ शाळांचा. मनावरील ताण, नैराश्य आणि संकटातील मित्राला मदत कशी करावी हे ज्या शाळांत मुलांनाच चर्चेतून व छोट्या नाट्यप्रसंगांतून शिकवले, तेथे पुढील वर्षभरात आत्महत्येच्या नवीन प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्मे राहिले. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मुले आपले दुःख प्रथम मित्राला सांगतात. म्हणून त्या मित्रालाही तयार करणे आवश्यक आहे.

घरी, शाळेत, शेजारी काय करावे?

१. ओळखा. मूल एकाएकी गप्प राहू लागते, जेवण व झोप बिघडते, मित्र टाळते, आवडीच्या वस्तू वाटून टाकते, "मी नसतो तर बरे झाले असते" असे बोलते. आजवर चिडचिड करणाऱ्या मुलींमुलांच्या वागण्यातील अचानक शांतपणाकडेही लक्ष असावे. "जो बोलतो तो करीत नाही" हा समज घातक आहे. बोलणे ही हाक असते.

२. विचारा. "बाळा, अलीकडे तू गप्प असतोस, जेवण जात नाही. काय सलतंय ते मला सांगशील?" अशी सुरुवात पुरते. शंका बळावली तर स्पष्ट विचारावे, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही भीती निराधार आहे. उलट, कोणीतरी ओळखले याने मूल हलके होते.

३. ऐका. "आम्ही तुझ्या वयाचे असताना..." हे वाक्य तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे. तुलना, शपथा, दटावणी नको. उत्तर देण्याची घाई नको. "तू सांगितलंस हे बरं केलंस, आता आपण दोघं मिळून बघू," इतके शब्द पुरेसे असतात.

४. धोका दूर ठेवा. मरणाची तीव्र इच्छा बहुधा काही काळच टिकते. तो काळ सुखरूप गेला तर माणूस वाचतो. म्हणून फवारणीची औषधे ओसरीत वा गोठ्यात उघडी न ठेवता कुलपात ठेवावीत आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. घरातील गोळ्यांबाबतही तेच. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ ते २०१५ या काळात तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले. मूल अस्वस्थ असेल तेव्हा त्याला एकटे सोडू नये.

५. सोबत न्या. "डॉक्टरला दाखव" एवढे सांगून थांबू नये, स्वतः बरोबर जावे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र शासनाची १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेली-मानस ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे व तेथे मराठीतही बोलता येते. बालकांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

६. पुन्हा विचारा. आठवड्याने, महिन्याने, निकालाच्या आदल्या रात्री, सणावाराला. वर सांगितलेल्या अभ्यासांचे सार या एका कलमात आहे.

कायद्याची भीती नको

अशा प्रसंगी काही कुटुंबे "चुकून झाले" असे सांगतात, कारण पोलीस आणि बदनामी यांचे भय असते. खरे कारण लपल्याने शरीरावर उपचार होतात, मनाचे दुखणे मात्र तसेच घरी परत जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ अन्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुने कलम ३०९ राहिलेले नाही. रुग्णालय पोलिसांना कळवते तो नोंदीचा भाग असतो. तेव्हा डॉक्टरांना व परिचारिका भगिनींना निःसंकोचपणे खरे सांगावे.

विश्वस्त व देणगीदारांस निवेदन

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता असणे अपेक्षित आहे आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी जोडलेले असावे. आमच्यासारख्या ग्रामीण धर्मादाय रुग्णालयाचे स्थान येथेच आहे. आसपासच्या शाळांना आपला दरवाजा ठाऊक असावा, दर आठवड्याला समुपदेशनाची ठराविक वेळ असावी आणि प्रयत्नानंतर वाचलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी अठरा महिने विचारपूस करणारी एक व्यक्ती नेमलेली असावी. इमारतीवरील देणगीचा फलक सर्वांस दिसतो. अशा कार्यकर्त्याचे मानधन आणि दूरध्वनीचा खर्च कोठेही कोरला जात नाही, तथापि त्याचे मोल कमी नाही.

ज्या कुटुंबांनी आपले मूल गमावले आहे, त्यांतील कोणी हे वाचत असतील. हा लेख आपणास दोष देण्यासाठी नाही. सर्व काही करूनही काही वेळा हात अपुरे पडतात. अशा घरीही जाऊन बसावे, त्या मुलाचे नाव घेऊन बोलावे. मौनाने त्यांना वाळीत टाकू नये. त्या घरातील धाकट्या भावंडांनाही आपल्या विचारपुशीची गरज असते.

हा अहवाल मिटल्यावर कोणत्या एका मुलाला किंवा मुलीला आज "कसा आहेस?", "कशी आहेस?" असे विचारायचे राहून गेले आहे, ते आठवावे आणि विचारावे, एवढीच नम्र विनंती.