हेडलाईटचा मोतीबिंदू



डिसेंबरच्या सुट्टीत मामांसोबत गंगाखेडहून परभणीला रात्री येत होतो. समोर उसाची बैलगाडी, ती अगदी जवळ आल्यावर दिसली. मामांनी करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचलो. गाडीच्या हेडलाईटची काच पिवळी पडली होती. आपण काच म्हणतो, पण असतं ते पॉलिकार्बोनेट, वर पारदर्शक कोट. उन्हातले अतिनील किरण आधी तो कोट खातात, मग प्लास्टिक. आणि परभणीचं मे महिन्याचं ऊन काय सांगावं!

सगळ्यांनी टूथपेस्ट सुचवली. घासली. चमक आली, पंधरा दिवसांत गेली. मग वॉटर पेपर आणला. कडेनं मास्किंग टेप लावून, पाणी मारत आधी ८००, मग १५००, मग २००० नंबर. पिवळट दुधासारखं पाणी वाहिलं म्हणजे जुना कोट निघतोय. ८०० नंतर काच पांढरीफट्ट! मामा म्हणाले, "वाट लावलीस की रे!" पण पुढचा नंबर आधीचे ओरखडे काढतो. मी १५०० ला घाई केली, ते ओरखडे आजही दिसतात. शेवटी रबिंग कंपाउंड.

इथंच बरेचजण थांबतात. पण आता प्लास्टिक उघडं पडलेलं असतं. अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट मारला नाही तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

सुरू करण्याआधी काचेवर ओलं बोट फिरवून बघा. क्षणभर साफ दिसली तर दोष बाहेरचा. नाहीतर आतून खराब, मेहनत वाया.