पाण्याची परीक्षा शेवटच्या नळावर

नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या आपल्या सभासदांच्या घरी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणाचे पाणी येते. भोकरपाडा येथील शुद्धीकरण केंद्रात ते निवळते, गाळले जाते, त्याला क्लोरीन दिले जाते आणि मगच ते आपल्या नळापर्यंत पोहोचते. ही यंत्रणा आपल्याला दिसत नाही, म्हणून तिची आठवणही होत नाही. परंतु आपल्यापैकी अनेकांचे गाव महाड, पोलादपूर, माणगाव या बाजूला आहे. मे महिन्यात मुलाबाळांसह गावी गेलो की हेच कुटुंब बौद्धवाडीच्या विहिरीचे, योजनेच्या नळाचे किंवा टँकरचे पाणी पिते. तेथे यंत्रणा म्हणजे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, टी.सी.एल. पावडरची पिशवी आणि एक नोंदवही, एवढीच असते. ती कशी चालते आणि ती नीट चालावी म्हणून आपण काय करू शकतो, हे समजून घेण्यासाठी हा लेखनप्रपंच. आम्ही बँकेत आकडेमोड करणारी माणसे, आरोग्यशास्त्राचे जाणकार नव्हेत. पण या विषयात लागणारे गणित शाळेतल्या मुलालाही जमेल असे आहे.

‘शुद्ध’ या शब्दाचे दोन अर्थ

सार्वजनिक पाणवठे व विहिरी सर्वांना खुल्या कराव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळे खुले केल्याचे कागदावर नोंदविले. प्रत्यक्षात पाणी घेता आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर विरोधकांनी काय केले? तळे ‘बाटले’ म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतल्या आणि तळे ‘शुद्ध’ झाल्याचे जाहीर केले. पुढे दहा वर्षे न्यायालयात वाद चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. महाडच्या घटनेपूर्वी त्रेचाळीस वर्षे, म्हणजे १८८४ साली, रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचे जंतू ओळखले होते आणि तेथील एका तळ्याच्या पाण्यातही ते त्यांना आढळले होते. त्याही आधी, १८५४ साली, लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीच्या साथीचे मूळ एका पंपाच्या पाण्यात शोधले होते. म्हणजे पाणी कशाने बिघडते याचे उत्तर जगाला मिळाले होते. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. मलमूत्राचा अंश त्यात गेला की ते बिघडते. महाडला माणसाच्या हाताला अशुद्ध ठरविले आणि शेणाला शुद्ध! पाण्याची शुद्धता पिणाऱ्याच्या जातीवरून ठरत नाही, तपासणीवरून ठरते, हा आपल्या पाठाचा पहिला धडा होय.

भिक्खूची गाळणी आणि नारूचा अंत

भिक्खूच्या आठ परिष्कारांत चीवर, भिक्षापात्र, सुई यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्र येते. त्याला पालीत ‘परिस्सावन’ म्हणतात. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा होऊ नये, हा त्यामागील हेतू. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. दोन भिक्खू प्रवासात असता एकाने दुसऱ्याकडे गाळणी मागितली, ती त्याने दिली नाही, आणि मागणारा तहानेने मरण पावला. तेव्हा भगवंतांनी नियम घातला की, प्रवासात कोणी गाळणी मागितली तर ती नाकारू नये.

या साध्या गाळणीचे मोल आपल्या देशाने अलीकडे अनुभवले. नारू हा रोग जुन्या माणसांना आठवत असेल. महाराष्ट्रातही तो होता. पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर येई आणि माणूस ऐन शेतीच्या दिवसांत अंथरुणाला खिळे. पाण्यातील सायक्लोप्स नावाच्या बारीक किड्याबरोबर हा रोग पोटात जातो. पाणी दाट कापडाने गाळणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे किंवा त्यांचे रूप बदलणे, या उपायांनी १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. गावोगाव सातत्याने केलेल्या कामाने तो गेला.

मात्र कापडाने किडा अडतो, जंतू सहसा अडत नाहीत. पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ यांपासून बचाव करायचा तर गाळण्याला निर्जंतुकीकरणाची जोड हवी.

विहिरीचे गणित

विहिरीचा व्यास चार मीटर व पाण्याची खोली तीन मीटर आहे असे समजा. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे ३७.६८ घनमीटर, अर्थात सुमारे ३७,७०० लिटर पाणी झाले. चांगल्या प्रतीची, म्हणजे सुमारे ३३ टक्के क्लोरीनची पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. या हिशेबाने विहिरीला सुमारे ९५ ग्रॅम पावडर पुरते. पण पिशवी उघडी राहून, दमट हवा लागून क्लोरीन २० टक्क्यांवर आले असेल तर तेच काम करायला १५५ ग्रॅम लागेल. गढूळ पाण्याला याहूनही जास्त. म्हणून पावडर हवाबंद, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवणे हा हिशेबाचाच भाग आहे.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून ती पातळ करावी, दहा मिनिटे ठेवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच विहिरीत सोडून बादलीने ढवळावे. हे काम रात्री, पाणी भरणे संपल्यावर करणे उत्तम. क्लोरीनला किमान एक तास मिळालाच पाहिजे.

काम झाले की नाही हे परीक्षेने कळते. ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकल्यावर नमुना पिवळा झाला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर नाही. हे द्रावण घातक असल्याने तपासलेले पाणी पिऊ नये, ओतून द्यावे. अलीकडे डी.पी.डी. गोळीची गुलाबी रंगाची परीक्षा अधिक सुरक्षित मानतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे.

शेवटचा नळ कोणाचा?

आता मुख्य मुद्दा. टाकीत क्लोरीन पुरेसे असले तरी नळातून वाहताना ते कमी होत जाते. पुरवठा दिवसातून तासभरच होत असेल तर उरलेला वेळ नळ रिकामा राहतो आणि गळतीच्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. म्हणून परीक्षा टाकीपाशी करून भागत नाही, ती नळाच्या शेवटच्या टोकाला करावी लागते. शेवटचा नळ पिवळा रंग दाखवीत असेल तर सारा गाव सुरक्षित समजावा.

आणि अनेक गावांत हा शेवटचा नळ कोठे असतो? गावकुसाबाहेरच्या वस्तीत, आपल्या वाडीत. दाब कमी तेथेच, पाणी शेवटी येते तेथेच, आणि क्लोरीनही तेथेच संपते. सार्वजनिक विहिरी व तलावांच्या वापरात भेदभावाला संविधानाच्या कलम १५ ने मनाई केली आहे. पाणी मिळणे हा त्या हक्काचा अर्धा भाग झाला. इतरांइतकेच निर्धोक पाणी मिळणे हा उरलेला अर्धा. समाधानाची गोष्ट अशी की येथे शास्त्र आणि समता एकच मागणी करतात : परीक्षा शेवटच्या नळावर घ्या.

क्लोरीनने काय जात नाही

क्लोरीन जंतू मारते, क्षार काढत नाही. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत खोल विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आढळते. त्याने दात डागाळतात, हाडे वाकतात. असे पाणी उकळूनही सुधारत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी आणि दुसरा स्रोत हाच मार्ग.

आपण काय करावे?

७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या अनुसूचीत आला आहे. म्हणून ग्रामसभेत प्रश्न विचारणे ही तक्रार नव्हे, ते कर्तव्य आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील चार प्रश्न वहीत लिहून न्यावेत.

१) स्रोतांच्या पाहणीत आपल्या ग्रामपंचायतीला कोणते कार्ड मिळाले – जोखमीचे लाल, मध्यम पिवळे की हिरवे?
२) टाकी शेवटची केव्हा धुतली?
३) टी.सी.एल. नोंदवहीत तारीख, पावडरचे वजन आणि परीक्षेचा निकाल रोज लिहिला जातो का?
४) परीक्षेचा नमुना आपल्या वाडीतून घेतला जातो का?

बँकेत नोंद नसलेला व्यवहार झालाच नाही असे धरतात. पाण्याच्या बाबतीतही तोच नियम लावावा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाचांत आपल्या वाडीतील एक तरी भगिनी असावी, असा आग्रह धरावा. घरातही पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. माठात हात घालू नये.

२०२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. त्या दिवशी आपण महाडला जाऊन अभिवादन करूच. पण त्याच्या आधी प्रत्येक सभासदाने आपल्या गावच्या शेवटच्या नळाखाली एकदा तरी परीक्षानळी धरावी आणि जो रंग दिसेल तो नोंदवहीत लिहवून घ्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.