बाळाच्या पावलांनी

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना लोहमार्गावर लासूर स्टेशन हे गाव लागते. कांदा, कापूस आणि धान्य यांच्या बाजारामुळे ते नेहमी गजबजलेले असते. गावाबाहेर पडले, की मात्र काळ्या मातीची शेते आणि बांधावरची बाभळी-निंबाची झाडे दिसू लागतात. मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. अशा एका सकाळी माझी मुलगी आणि जावई आपल्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन फिरावयास निघाले. मीही काठी घेऊन त्यांच्यामागून चालू लागलो.

मोठी माणसे चालतात ती कोठेतरी पोहोचण्यासाठी. लहान मूल चालते ते पाहण्यासाठी. दहा पावले गेलो नाही, तोच नात थांबली. वाटेवरून मुंग्यांची रांग चालली होती. ती तेथेच उकिडवी बसली आणि तिने रांगेच्या मधोमध बोट फिरविले. क्षणभर मुंग्यांची तारांबळ उडाली. पण थोड्याच वेळात रांग पुन्हा जुळली. मुलांनो, मुंग्या वाटेवर एक प्रकारचा गंध सोडतात आणि त्या गंधाच्या मागाने इतर मुंग्या चालतात. बोटाने तो माग पुसला गेला होता. दोन वर्षांच्या बाळाला हे शास्त्र कोठून ठाऊक असणार? परंतु प्रयोग मात्र तिनेच केला होता!

पुढे ओल्या मातीवर मखमलीचा तांबडा मणी हलताना दिसला. ''आई, हे?'' नातीने विचारले.

''हा मृगाचा किडा, राणी. हळूच हात लाव हं,'' आई म्हणाली.

बोट लागताच त्याने पाय पोटाशी घेतले. बाळ खुदकन हसले. एरवी हा जीव जमिनीत दडून राहतो आणि पहिल्या पावसानंतर वर येतो. आपण त्याला किडा म्हणतो खरे. पण कीटकाला सहा पाय असतात आणि याला आठ! तो कोळी आणि विंचू यांच्या गोतावळ्यातला आहे.

मग तिला एक दगड उचलावासा वाटला. ''थांब, आधी मी पाहतो,'' असे म्हणून वडिलांनी तो काठीने उलथला. कारण दगडाखाली विंचू असण्याचा संभव असतो. रेल्वे फाटकाजवळ येताच त्यांनी तिला कडेवर घेतले. गाडी धडधडत निघून गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती हात हलवीत राहिली. आईबापांनी तिला अडविले नाही आणि एकटेही सोडले नाही.

तासाभरात आम्ही फर्लांगभरसुद्धा गेलो नव्हतो. मी मुलीला म्हणालो, ''अगं, ऊन चढले. बाळाला उचलून घे, म्हणजे लवकर घरी पोहोचू.''

ती हसून म्हणाली, ''अण्णा, पोहोचण्यासाठी आपण निघालोच कुठे होतो?''

मी गप्प झालो. मला एक जुनी सकाळ आठवली. ही मुलगी तेव्हा एवढीच होती. वाटेत काहीतरी पाहून ती थांबली होती. मला शाळेची घाई होती. मी तिला उचलले आणि झपाझप चालू लागलो. ती मागे बोट दाखवून रडत होती. मी वळूनही पाहिले नाही. शाळेत वेळेवर पोहोचलो आणि मुलांना 'निरीक्षणाचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला! तिने काय पाहिले होते, ते मला कधीच कळले नाही. तिला तो दिवस आठवत नाही, मला आठवतो.

थोर शिक्षणतज्ज्ञांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. इटलीच्या मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोम येथे पहिले बालगृह उघडले. मोठ्यांनी बाळाच्या चालीने चालावे आणि ते थांबेल तेथे थांबावे, असे त्यांचे सांगणे होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने त्यांच्याजवळ नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली. शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर ती कुरणात भरविली. अंगण आणि माळरान हेच बाळाचे पहिले पुस्तक, हे त्यांनी कृतीने दाखविले.

मुलांनो, तुमचे धाकटे भावंड वाटेत थांबले, तर त्याचा हात ओढू नका. घटकाभर त्याच्याजवळ बसा. ते काय पाहत आहे, ते तुम्हीही पाहा. परत येताना आम्ही चौघेही नातीच्या पावलांनी चाललो. घरी पोहोचायला उशीर झाला. पण या वेळी ती थांबली, तेव्हा मीही थांबलो होतो.

स्वाध्याय
१. मुंग्यांची रांग का विस्कटली?
२. आईवडिलांनी बाळाची काळजी कशी घेतली?
३. लेखकाला जुनी सकाळ का आठवली?
४. धाकट्या भावंडाबरोबर फिरावयास जा आणि त्याने पाहिलेल्या पाच गोष्टी लिहा.