प्रकाशाची दोरी : लेझर-रेषेने मोजमाप

भिंत उभारताना ओळंबा, पाणसळ आणि सूत ही साधने गवंडी पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आला आहे. परंतु लांब ताणलेल्या सुताला झोल पडतो आणि वाऱ्याने ओळंबा हेलकावतो. प्रकाशाच्या रेषेला हे दोष नाहीत. लेझर-रेषेचे महत्त्व यातच आहे.

थिओडोर मेमन यांनी १६ मे १९६० रोजी अमेरिकेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेझर निर्माण केला. १९६२ मध्ये अर्धवाहक लेझर आला आणि पुढे हे साधन मुठीत मावू लागले. किरणाच्या वाटेत दंडगोलाकार भिंग ठेवले की तो एकाच प्रतलात पसरतो व बिंदूची रेषा होते. या रेषेचा मध्य ठळक, तर टोके फिकी असतात. सर्वत्र सारखे तेज हवे असल्यास पॉवेल भिंग योजतात.

कारखान्यात ही रेषा वस्तूवर तिरपी टाकून कॅमेऱ्याने वरून पाहतात. उंचवटा आला की रेषा जागची सरकते. किरण ४५ अंशांत पडत असल्यास ५ मिलिमीटर उंचीला रेषाही ५ मिलिमीटर सरकते. या साध्या भूमितीने वेल्डिंगचा सांधा, रेल्वेचे चाक किंवा रस्त्यावर पडलेली चाकोरी यांचे माप स्पर्श न करता घेता येते.

शाळाखोली वा समाजमंदिराच्या बांधकामातही हे उपकरण उपयोगी आहे. मात्र त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. आपटलेल्या उपकरणाची रेषा सरळच दिसते, पण पातळी चुकलेली असू शकते. मीटरला १ मिलिमीटर दोष असला, तर १० मीटरवर तो १ सेंटिमीटर होतो. फरशीवरचे पाणी उलट्या दिशेला वळण्यास तेवढा पुरेसा ठरतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जवळच्या व दूरच्या भिंतीवर पाण्याच्या पारदर्शक नळीने समपातळीच्या खुणा करून रेषा त्यांच्याशी ताडून पाहावी.

डोळ्यांची काळजी त्याहून महत्त्वाची. वर्ग २ च्या उपकरणाची शक्ती १ मिलिवॅटपेक्षा अधिक नसते. पापणी मिटण्याच्या सहजक्रियेने डोळ्याचे रक्षण होते. तरीही किरणाकडे रोखून पाहू नये, तो आरशावर पाडू नये आणि उपकरण मुलांच्या हाती देऊ नये. खरेदी करताना वर्गाची चिठ्ठी पाहणे हे खरेदी करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.