वाफेचे मीटर आणि दाबाची गल्लत



गेल्या हंगामातील एका गट सभेत आडसाली लागणीवर बोलून आम्ही खाली बसतो न बसतो, तोच मागून एका सभासदाचा प्रश्न आला, "साहेब, अवकाळी पावसानं तोड थांबली त्या आठवड्यात टनामागं वाफ एवढी कशी वाढली? बगॅस गेला कुठं?" आम्ही पडलो शेतकी खात्याचे. खोडकिडीचे विचारले असते तर सांगितले असते. दुसऱ्या दिवशी बॉयलरवर जाऊन इंजिनिअर मंडळींजवळ बसलो आणि जे समजले ते येथे देत आहोत.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. राज्याच्या २०१३ च्या ऊस दर कायद्यानुसार उसाचा दर ठरविताना साखरेबरोबर बगॅस, मळी, प्रेसमड यांचे उत्पन्नही धरता येते. वाफ जास्त लागली म्हणजे बगॅस जास्त जळाला, अर्थात तेवढे सभासदाच्या पदरातून गेले. म्हणून वाफेचा आकडा खरा आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

वाफ काही काट्यावर घालता येत नाही. तिच्या पाईपमध्ये दोन फ्लँजच्या मध्ये एक पोलादी चकती बसवितात. चकतीला पाईपपेक्षा लहान, नेमक्या मापाचे गोल भोक असते. हीच ओरिफिस प्लेट. भोकातून जाताना वाफ वेग घेते, आणि वेग वाढला की दाब उतरतो. चकतीच्या अलीकडचा व पलीकडचा दाब यांतील फरक बारीक नळ्यांनी मीटरपर्यंत नेतात. मीटरला वाफ दिसत नाही हो, त्याला एवढा फरकच दिसतो आणि त्यावरून तो टन सांगतो. हिशोब वर्गमुळाचा आहे. फरक चौपट झाला तर वाफ दुप्पट झाली असे धरायचे.

आता गल्लत कोठे होते ते पाहू. मीटर लावताना वाफेचा एक ठराविक दाब गृहीत धरलेला असतो. वाफ ही हवेसारखीच दाबली जाणारी वस्तू आहे. दाब जास्त तर घनमीटरला वजन जास्त, दाब उतरला की ती विरळ. पण मीटर जुनेच वजन धरून चालतो. बैलगाड्या मोजून टन काढावेत आणि गाडी गच्च भरली आहे की पोकळ ते पाहूच नये, तसा हा प्रकार.

तरी चूक दाबाच्या प्रमाणात सरळ होत नाही. वाफ निम्म्या वजनाची झाली, तर दाबातील फरक तोच असताना ती अधिक जोरात पळते, म्हणजे सुमारे १.४१ पट. त्यामुळे खरी वाफ निम्मी न होता मीटर सांगतो त्याच्या ७१ टक्के भरते. येथेही वर्गमूळच आले.

समजा, मीटर २१ किलो दाबासाठी लावला आहे आणि पाळीभर दाब १८ किलोवर राहिला. गेजचा आकडा हा बाहेरच्या हवेच्या वरचा असतो, म्हणून दोन्हींत हवेचा सुमारे १ किलो मिळवायचा. झाले २२ आणि १९. १९ भागिले २२, त्याचे वर्गमूळ ०.९३. मीटरने १०० टन दाखविले तर प्रत्यक्षात वाफ ९३ टन.

हा १ किलो मिळवायला विसरलात तर मोठ्या दाबावर फारसे बिघडत नाही, पण इव्हॅपोरेटरकडे जाणाऱ्या एक्झॉस्ट वाफेत हिशोब पार फसतो. तिचा मीटर १ किलोसाठी लावलेला आणि दाब ०.६ असेल तर खरे गणित १.६ भागिले २, म्हणजे मीटरच्या ८९ टक्के. नुसत्या गेजवरून केले तर ७७ येतात. आम्हीही पहिल्यांदा असेच केले आणि आमचे आम्हालाच हसू आले.

तापमानाचे उलट आहे. ते उतरले की वाफ जड होते. ३४० अंशांची वाफ ३०० वर आली, तर खरी वाफ मीटरपेक्षा ३ ते ४ टक्के जास्त भरते. म्हणून नव्या बसवणुकीत दाब व तापमान दोन्ही मोजून संगणकच दुरुस्ती करतो. मात्र ती दुरुस्ती चालू आहे का, आणि दाबाचे यंत्र स्वतः खरे दाखवते का, हे कोणी तरी पाहावे लागते. चकतीच्या भोकाची धार झिजली किंवा चकती उलटी बसली, तर मीटर वाफ कमी दाखवितो. दाब ठरलेल्यापेक्षा चढता राहिला तरी आकडा कमीच येतो, आणि ही बाजू आम्हाला जास्त धोक्याची वाटते. आकडा फुगला तर सभेत कोणी तरी विचारतो. कमी आला तर सगळे खूश असतात आणि खरी उधळपट्टी झाकून जाते.

तर त्या आठवड्यातील वाढीपैकी काही भाग मीटरचा होता. सगळा नव्हे. गाळप खंडित झाले तरी वाफ पूर्ण बंद करता येत नाही, आणि टन कमी पडले की टनामागचा आकडा वाढतोच. तेवढ्यापुरता तो सभासद बरोबर होता.

पुढे त्यांच्याच बांधावर बसून हे गणित आम्ही वहीवर मांडून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ते पटलं. पण मुळात दाब उतरला कशानं?" ओला बगॅस नीट जळत नाही. चिखलमातीचा, पाचटाचा ऊस आला की गिरणी अडखळते. गाड्यांत खंड पडला की बगॅसही खंडाने येतो आणि बॉयलरचा दाब डळमळतो. म्हणजे प्रश्न फिरून तोडणीच्या कार्यक्रमावर आला, आणि तो कार्यक्रम आमच्याच टेबलावर तयार होतो.