मूल ट्रान्सजेंडर असेल तर: पैसे कुठे लागतात, कुठे मुळीच देऊ नयेत

"मी ट्रान्सजेंडर आहे," असे तुमच्या मुलाने किंवा मुलीने सांगितले, तर पहिले काही आठवडे एक रुपयाही खर्च करायची गरज नाही. नीट ऐकून घ्या. ज्या नावाने हाक मारायला सांगितले, त्याच नावाने हाक मारा. आत्या-काकांना कधी आणि किती सांगायचे, हे त्या मुलालाच ठरवू द्या. कपडे आणि केस कापणे एवढाच खर्च, तो तसाही होतोच.

खरा खिसा कापतो तो 'बरे करून देणारा'. यात बाबा आले, संमोहनवाले आले आणि पदवीची पाटी लावलेले काही डॉक्टरही आले. पॅकेज सांगतात, पैसे आगाऊ घेतात, फरक पडला नाही की आणखी बैठका. देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत ट्रान्सजेंडर असणे हा मानसिक आजार धरलेला नाही, आणि असे 'रूपांतर उपचार' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच गैरवर्तन ठरवले आहेत. डॉक्टरने तसे सुचवले, तर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते. 'लग्न लावून द्या, सुधारेल' हा सल्ला फुकट मिळतो, पण त्याची किंमत दोन घरे मोजतात.

मूल धास्तावले असेल, झोप-जेवण बिघडले असेल, तर टेलिमानसला 14416 वर फोन करा. सेवा मोफत, चोवीस तास. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारही त्यात आले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या खात्याची, तिथे केसपेपरचे पैसे पडू शकतात. खासगी समुपदेशकाकडे जाणार असाल, तर वेळ घेण्याआधी फोनवरच विचारा: एका सत्राचे किती, किती मिनिटांचे, ट्रान्सजेंडर मुलांसोबत काम केले आहे का. 'सवय मोडून देतो' असे उत्तर आले, की फोन ठेवा.

आता कागद. मुख्य कागद म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचे ट्रान्सजेंडर ओळखीचे प्रमाणपत्र. अर्ज केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय पोर्टलवर, घरबसल्या, शुल्क नाही. मूल अठराच्या आतले असेल, तर अर्ज आई-वडिलांनी किंवा पालकांनी करायचा. फोटो, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि पोर्टलवरच्याच नमुन्यातले प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. 2020 च्या मूळ नियमांत मुदत 30 दिवसांची होती आणि ओळखीच्या या पहिल्या प्रमाणपत्रासाठी शारीरिक तपासणीची अट नव्हती. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरची सूचना वाचाच. 'पाच हजारांत काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटाकडे तुम्हाला न मिळणारे काहीही नाही. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा कोणी 500 चा मुद्रांक मागितला, तर आधी सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारा. नोटरीचे पैसे मात्र निघतील.

इथे घाई अंगाशी येते. आधारवर लिंग एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, प्रत्येक फेरीला 75 रुपये. शुल्क किरकोळ आहे, पण संधी मोजक्या. म्हणून मुलाचे नाव पक्के ठरेपर्यंत आधार केंद्राची पायरी चढू नका. पासपोर्टला हात लावायचा तो आधारनंतर: अल्पवयीनासाठी साधा अर्ज 1000 रुपये, 'तत्काळ' घेतलेत तर वर आणखी. शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल मात्र उलट, लवकर करा. त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. दहावीच्या बोर्डाचा अर्ज भरण्याआधी झाला तर ठीक, नाहीतर गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला आणि पुढचे सगळेच जुन्या नावाने निघते आणि फेऱ्या वाढतात. मुख्याध्यापकांना अर्ज द्या, पोच घ्या.

हार्मोन्सचा विषय मूल काढेलच. मेडिकलमधून किंवा ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या स्वस्त दिसतात. पण रक्ततपासणीशिवाय घेतल्या, तर रुग्णालयाचे बिल वेगळे. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडेच जा, आणि सल्ल्याच्या शुल्कासोबत दर काही महिन्यांच्या तपासण्यांचा खर्चही विचारून घ्या. शस्त्रक्रियेचा प्रश्न अठरानंतरचा. त्या वेळी आयुष्मान भारतची 'टीजी प्लस' योजना तपासा, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. प्रमाणपत्र मात्र हवेच, तेही आताच काढून ठेवण्यात तोटा नाही.

घरातले कोणी 'बाहेर काढा' म्हणू लागले, तर त्यांना सांगा की ट्रान्सजेंडर व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणे हा 2019 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, लहान मुलांसाठी मदत मोफत असते. दूरध्वनी 15100.

आणि कुठेही पैसे भरण्याआधी, या वाटेने गेलेल्या एखाद्या आई-वडिलांशी बोला. मुंबईत 'स्वीकार' हा अशाच पालकांचा गट आहे.